जिन्याच्या खांबाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. निदान तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तरी होतो. सध्या मी एका सुताराच्या दुकानात भिंतीला टेकून उभा आहे आणि माझ्यावर कशाचाच भार नाही. ज्याच्यावर कशाचा भार नाही त्याला खांब म्हणावं की नुसतं लाकूड, हे मला कळत नाही. मला बऱ्याच गोष्टी कळलेल्या नाहीत. म्हणून जे घडलं ते जसं दिसलं तसं सांगतो. तुम्हाला उलगडा झाला तर उत्तम.

माझा जन्म एका कातारी माणसाच्या हातून झाला. त्याने मला फिरत्या यंत्रावर चढवलं आणि पटाशी लावून माझी कंबर बारीक केली. डोक्यावर त्याने एक गुळगुळीत गोळा कोरला. मग मला एका दुमजली घरात नेलं आणि जिन्याच्या अगदी पायथ्याशी, पहिल्या पायरीला लागून उभं केलं. वरून उतरत येणारी कठड्याची दांडी माझ्या खांद्यात येऊन बसली. दांडीखाली गजांची रांग. त्या सगळ्यांचा ताण शेवटी माझ्यावर.

जिन्याची एक बाजू भिंतीला चिकटलेली आणि दुसरी मोकळी. कठडा अर्थातच मोकळ्या बाजूला. जिना चढताना तो उजव्या हाताला यायचा आणि उतरताना डाव्या. ही उजव्या-डाव्याची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं.

घरात आत्या राहायची. तिला सगळे आत्याच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तिचा भाऊ आणि वहिनी एका पाठोपाठ एक गेले, तेव्हा भाचा नुकताच धरून धरून चालायला लागला होता. त्याला आत्याने वाढवलं. तो पहिल्यांदा कुणाचाही हात न धरता उभा राहिला तो मला मिठी मारून. पुढे पोरगं धीट झालं आणि कठड्याच्या दांडीवरून घसरत येऊन माझ्यावर आदळायला लागलं. आत्या वरून ओरडायची, "अरे, खांब तरी मोडेल नाहीतर तुझं टाळकं तरी!" दोन्ही शाबूत राहिलं.

आत्या कापड बेतणारी होती. तुमच्या अंगातला सदरा शिवण्याआधी कुणीतरी तो कापतं ना, ते काम. वरच्या मजल्यावर तिचं एक भलंमोठं टेबल होतं. ते खोलीतच जोडलेलं, त्यामुळे दारातून बाहेर निघणं शक्य नव्हतं. त्यावर डाव्या हाताने कापड दाबून धरायचं आणि उजव्या हाताने कात्री चालवायची. तिचा बेत चुकत नसे. शिंपी लोक लांबून कापड घेऊन यायचे. शिकायला मुलीही यायच्या. दिवसातून आठ-दहा वेळा आत्या जिना उतरायची, खांद्यावर कापडाचा गठ्ठा, डावा हात दांडीवर. शेवटच्या पायरीवर आली की माझ्या गोळ्यावर एक थाप मारायची आणि पुढे जायची. वर्षातून एकदा मला जवसाचं तेल लावायची. पाहुणे म्हणायचे, "काय चमकतोय हो तुमचा खांब!" ती म्हणायची, "घरात सगळ्यात कमी कटकट याचीच." मी फुलून जायचो. लाकूड फुगतं ते फक्त ओलीने असं नाही.

अशी पुष्कळ वर्षं गेली. भाचा मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. भाचेसून घरात आली. ती शांत मुलगी होती आणि रोज फरशी लख्ख पुसायची. पुसताना थोडं पाणी माझ्या पायाशी साठायचं. ते मला गार लागायचं. त्याचा मी काही वेगळा अर्थ काढला नाही.

मग एके सकाळी आत्याने माझ्याकडे पाठ फिरवली.

खरंच सांगतो. ती जिन्याच्या वरच्या टोकाला आली, इकडेतिकडे पाहिलं, घरात कुणी नाही याची खात्री केली आणि वळली. पायऱ्यांकडे तोंड, माझ्याकडे पाठ, आणि उजव्या हाताने दांडी धरून एकेक पायरी उलटी उतरायला लागली. पायाच्या बोटांनी खालची पायरी चाचपायची, मग दुसरा पाय. शेवटी माझ्यापाशी आली, गोळा मागच्या मागे घट्ट आवळून धरला आणि जमिनीवर पाय टेकला. थाप नाही, काही नाही.

मला वाटलं, रुसली. आदल्या दिवशी तिच्या पदराचा धागा माझ्या एका बारीक चिरेत अडकून ओढला गेला होता. त्याचा राग असेल. दोन दिवसांत जाईल. पण दोन दिवसांचे दोन महिने झाले आणि महिन्यांची वर्षं. चार वर्षं ती माझ्याकडे पाठ करून उतरली. कुणी आसपास असेल तर उतरायचीच नाही, वरूनच बोलायची. तेल लावणंही बंद झालं. मी फार गोंधळलो. एका धाग्यासाठी चार वर्षांचा अबोला? बरं, राग असेल तर मला इतकं घट्ट का धरायची? ज्याच्यावर रुसतात त्याला असं आवळून धरतात का?

घरातही काही गोष्टी बदलल्या होत्या. कापडाचे गठ्ठे ती आता खांद्यावर आणत नसे. तिने एका टोपलीला दोरी बांधली आणि गठ्ठे वरच्या कठड्यावरून खाली सोडायला लागली. भाचा हसून म्हणाला, "आत्याचं डोकं म्हणजे डोकं! हे आधी का नाही सुचलं?" कापायचं कामही ती मुलींकडून करून घ्यायची. स्वतः शेजारी उभी राहून नुसतं सांगायची, "इथून घे. आता वळव. हात सोडू नकोस." भाचेसून कौतुकाने शेजारणीला म्हणाली, "आमच्या आत्या आता नुसत्या शिकवतात. मोठ्या झाल्या ना."

सगळ्यांना सगळं समजलं होतं. फक्त मला तेवढं काही समजत नव्हतं.

तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला एका शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. मुलांच्या नाटकासाठी चाळीस पोशाख कापून हवे होते. भाचेसुनेने त्यांना खालच्या खोलीत उभं केलं आणि हाक मारली, "आत्या, बाई आल्यात! तुम्हालाच भेटायचंय म्हणतात."

आत्या वर जिन्याच्या तोंडाशी आली. मुख्याध्यापिका खालून वर बघत हसत होत्या. आत्या क्षणभर थांबली. मग तिने पदर खोचला आणि चक्क समोर तोंड करून उतरायला लागली.

मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! चार वर्षांनी मला जिन्यावरून येणारं तिचं तोंड दिसलं. केस बरेच पांढरे झाले होते. मी म्हटलं, गेला बाई राग. तिचा डावा हात दांडीवर होता. पण तो हात मला ओळखीचा वाटला नाही. तो दांडी धरत नव्हता, नुसता तिच्यावर ठेवलेला होता, खुंटीवर टॉवेल ठेवावा तसा. खालून तिसऱ्या पायरीवर तिचा पाय जरासा घसरला. एवढ्याशा घसरण्याने कुणी पडत नाही, हात आवळला की माणूस सावरतं. पण हात आवळलाच नाही. तो दांडीवरून सुटला. तिने उजवा हात अंगावरून आडवा फेकला आणि माझा गोळा पकडला. तिचं सगळं वजन एका हिसक्यात माझ्यावर आलं. माझ्या मुळाशी काड्कन आवाज झाला.

आत्या शेवटच्या पायरीवर बसलेली होती. पाय मुरगळला होता. भाचेसून धावली, मुख्याध्यापिका धावल्या, आतून भाचा धावत आला.

"काय झालं? कशी पडलीस?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. म्हणाली, "खांब हलला."

भाच्याने मला धरून हलवलं. मी हललो. आता मुळाशी तडा गेल्यावर कोण हलणार नाही? "बघ! पार डुगडुगतोय. कुजलाय मेला. हा आज ना उद्या कुणाचा तरी जीव घेणार."

मी सुन्न झालो. मी आधी हललो आणि मग ती पडली, की ती पडली आणि मग मी हललो? मला तर दुसरंच आठवत होतं. पण आत्या खोटं बोलणारी नव्हती. चार वर्षं बोलली नसली तरी खोटं कधी बोलली नव्हती. मग माझंच चुकत असेल. कदाचित मी खरंच हललो असेन आणि मला कळलं नसेल. तुम्हाला कधी असं झालंय का, की सगळे एक सांगतात आणि तुम्हाला वेगळंच आठवतं, आणि मग तुमचाच तुमच्यावरचा विश्वास उडतो?

आत्याची खाट खालच्या खोलीत, माझ्या समोरच मांडली. पाय पट्टीत बांधलेला. मलाही भाचेसुनेने एका जाड कापडी पट्टीने गजांना बांधून टाकलं. दोघं जायबंदी समोरासमोर. ती माझ्याकडे बघायची आणि कूस बदलायची.

तिसऱ्या दिवशी भाच्याने निर्णय सांगितला. "आत्या, आता जिना बंद. तू खालीच राहायचं. आम्ही दोघं वरच्या खोलीत जातो. सुताराला बोलावलंय. खांब आणि कठडा नवा बसवून घेऊ. आणि तुझं ते टेबल दारातून निघत नाही ना, ते मधोमध कापून दोन तुकड्यांत खाली आणू. इथं कोपऱ्यात अर्धं तरी मावेल."

"टेबल कापायचं?"

"अगं, तुझ्यासाठीच तर—"

"मलाच मधोमध काप ना मग. कोपऱ्यात अर्धी तरी मावेन."

"आत्या, तू चेष्टा करतेस. मी तुला पडलेलं पाहिलंय." भाच्याचा आवाज कापत होता. तो रागावला आहे की रडवेला झाला आहे, हे मला ओळखता आलं नाही. बहुतेक त्यालाही आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. साठीचे, खांद्यावर हत्यारांची पिशवी, कानामागे पेन्सिल. आयुष्यभर यंत्राच्या करवतीपाशी काम करून त्यांचे कान गेले होते. बहिऱ्या माणसांचं असतं तसं, ते स्वतः मात्र इतक्या मोठ्याने बोलायचे की भांडी वाजावीत.

भाचा म्हणाला, "काका, हा खांब बदलायचाय."

"लांब? किती लांब?"

"लांब नाही, खांब! खांब आणि दांडी! आणि वर एक टेबल आहे, ते कापायचंय."

"केबल? ते माझं काम नव्हे, वायरमनला बोलवा."

भाच्याने कपाळाला हात लावला. शेवटी सगळं हाताने दाखवलं, माझ्याकडे बोट, दांडीकडे बोट, मग वर बोट आणि करवतीची खूण. काकांनी मान डोलावली. भाचा फोनवर बोलायला मागच्या खोलीत गेला आणि भाचेसून स्वयंपाकघरात.

काका आधी माझ्यापाशी उकिडवे बसले. पट्टी सोडली, माझ्या पायाशी पटाशीचं टोक टोचून पाहिलं, मला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. मग दांडीवरून हात फिरवला. वरून फिरवला आणि मग खालून. खालून फिरवताना थांबले. वाकून पाहिलं. पायऱ्यांकडे वळले आणि प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर बोट फिरवत वर गेले, परत खाली आले. मला वाटलं, मापं घेतायत. पण पेन्सिल कानामागेच होती.

खाली येऊन त्यांनी खाटेवरच्या आत्याला विचारलं, आणि ते घरभर ऐकू गेलं, "या जिन्यावरून उलटं कोण उतरतं हो?"

आत्या ताडकन उठून बसली. "हळू बोला!"

"काय?"

"हळू! हळू!"

"हळद? हळद कशाला? लाकडाला हळद लावत नाहीत." काका पुढे बोलतच राहिले. "नाही, म्हणजे बघा, माणूस सरळ उतरतं तेव्हा दांडीवर वरून जोर देतं. पॉलिश वरून जातं. इथं खालून गेलंय. म्हणजे कुणीतरी दांडीला लोंबकळत उतरतंय. आणि पायरीला टाच घासायला हवी, तर इथं फळीवर बोटांचे ओरखडे, वरून खाली. एक दिवसाचे नव्हेत, वर्षानुवर्षांचे. आणि हा खांब बाहेरच्या बाजूला कलायला हवा होता, तो जिन्याकडे ओढला गेलाय. कुणाचा तरी एक हात कामाचा नाही."

आत्याने ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना जवळ बोलावलं. काका वाकले. ती त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"काय?"

ती पुन्हा पुटपुटली.

"ऐकू येत नाही बाई. मोठ्यानं बोला. माझे कान गेलेत."

आत्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मागच्या खोलीकडे पाहिलं. आणखी एकदा थोडं मोठ्याने बोलून पाहिलं. काकांनी दुसरा कान पुढे केला. "काय म्हणालात? डाळभात?"

आणि मग आत्या ओरडली. असं ओरडताना तिला मी भाच्याच्या लहानपणीही ऐकलं नव्हतं.

"डावा हात! माझा डावा हात चालत नाही! चार वर्षं झाली! कप धरता येत नाही, कापड धरता येत नाही, ही दांडी धरता येत नाही! म्हणून उलटी उतरते!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. पण आत्याला आता थांबता येईना. बूच उडाल्यासारखं झालं होतं. "आणि खांब हलला नव्हता! मी खोटं बोलले! त्या बाईंसमोर उलटं उतरायची लाज वाटली म्हणून सरळ उतरले, हात सुटला आणि पडले! मीच त्याला मोडला!"

काका म्हणाले, "असं होय!" त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "मग टेबल कशाला कापायचं? भिंतीच्या बाजूनं दुसरी दांडी लावू की. उतरताना भिंत उजव्या हाताला येते. उजवा हात आहे ना ठणठणीत?"

मागच्या दारात भाचा उभा होता. फोन हातात तसाच. पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. त्याने तो बंद केला.

"चार वर्षं?" तो म्हणाला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस?"

"मला काय माहीत असणार, आत्या?"

"टोपली दिसत नव्हती?"

"ती मला हुशारी वाटली."

स्वयंपाकघराच्या दारातून भाचेसून म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही आता कापत नाही ते तुमचा मान म्हणून." तिच्या हाताला पिठाचा लेप होता आणि डोळ्यांत पाणी. पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तिने खांद्याने डोळे टिपले.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" आत्याने भाच्याला विचारलं. "खालीच आणलं असतंस ना? हात गेलेल्या बाईला कापड कोण देतं? वरची खोली गेली असती, मुली गेल्या असत्या."

"मग आता काय झालं? पाय मोडून घेतला असतास."

"मुरगळलाय फक्त."

"आत्या!"

तो खाटेच्या काठावर बसला आणि त्याने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. तो हात त्याच्या हातात नुसता पडून राहिला. बराच वेळ कुणीच बोललं नाही. सुतारकाकांना वाटलं, सगळे बोलताहेत आणि आपल्यालाच ऐकू येत नाही, म्हणून ते दोनदा म्हणाले, "काय? काय?"

आणि मी? मी पट्टी सोडलेल्या अवस्थेत तिथेच कललेला होतो. म्हणजे राग नव्हताच? चार वर्षं मी ज्याला पाठ फिरवणं समजत होतो ते लोंबकळणं होतं? ती माझ्याकडे बघत नव्हती कारण तिला मला धरायचं होतं? मी लाकूड आहे, हे मान्य. पण इतका ठोंबा असेन असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. काकांनी प्रत्येक गजावर आकडा घातला आणि गज काढून ओळीने ठेवले. दांडी माझ्या खांद्यातून कापून वेगळी केली. माझ्या पायातले बोल्ट इतके गंजले होते की पाना लागेना. मग त्यांनी जमिनीलगत करवत घातली. त्यामुळे माझा एक तुकडा अजून त्या घराच्या फरशीखाली आहे. मी नक्की इथे आहे की तिथे, याचाही मला पत्ता नाही.

मला आडवं पाडून काकांनी माझा कापलेला पाय भाच्याला दाखवला. "या बाजूनं पाण्यानं मऊ झालाय बघा. रोज फरशी पुसता ना? आणि या बाजूनं ओढून ओढून दबलाय. दोन्ही खरं."

"म्हणजे खांब सैल होता की नव्हता?" भाच्याने ओरडून विचारलं.

"थोडा होता. थोडा नव्हता."

घ्या! मी निर्दोष ठरेन म्हणून कान टवकारून होतो, आणि हा न्याय. तिने ओढून मला सैल केलं, पाण्याने मला मऊ केलं, हिसक्याने मला मोडलं, आणि मी तिला नीट धरू शकलो नाही. यात कुणी कुणाला पाडलं? मी अजून विचार करतो आहे.

मला उंबऱ्याशी भिंतीला टेकवून ठेवलं होतं, म्हणून पुढचं सगळं दिसलं. नवा खांब आला. सरळसोट, कंबर नाही, डोक्यावर चौकोनी टोपी. काकांनी ओळंबा लावून तो उभा केला. केसभर इकडे झाला तरी पुन्हा सोडवायचे. पायाशी त्यांनी धातूची एक पातळ चकती बसवली, म्हणजे पुसलेलं पाणी लाकडाला लागणार नाही. सरस भरून बोल्ट आवळले आणि म्हणाले, "उद्यापर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. शिंकायचं असेल तर बाहेर जा."

भिंतीवरच्या दांडीच्या वेळी मात्र त्यांनी आत्याला बोलावलं. लाकडाचे तीन नमुने आणले होते, एक रुंद, एक चपटा, एक बारीक गोल. तिच्या उजव्या मुठीत एकेक देऊन म्हणाले, "आवळा. अजून आवळा." रुंद दांडीभोवती तिची बोटं पुरत नव्हती. गोल दांडीला अंगठा बोटांना भेटला. "हीच," काका म्हणाले. आत्या म्हणाली, "शेवटच्या पायरीच्या पुढं हातभर ठेवा. दांडी संपली की पायऱ्या संपल्या असं समजतं माणूस, आणि अजून एक उरलेली असते." काकांना हे पहिल्या झटक्यात ऐकू आलं. त्यांनी तिच्याकडे आदराने पाहिलं. "बेतणाऱ्या बाई आहात खऱ्या," ते म्हणाले.

मधल्या काळात आत्या आणि भाचा डॉक्टरांकडे जाऊन आले होते. मानेतली एक नस दबली होती. चार वर्षांपूर्वी आली असती तर बरंच परत मिळालं असतं, आता व्यायामाने थोडं येईल, असं डॉक्टर म्हणाले. किती थोडं, ते त्यांनी सांगितलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना आत्याने स्वतः फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोशाख चांगले बेतलेले हवेत. कात्री कुणाच्या हातात आहे ते आम्हाला काय करायचंय?" आता मुली कापतात आणि आत्या खडूने बेतते. टेबल अखंड आहे.

पाय बरा झाल्यावर आत्या भाच्याचा हात धरून वर गेली. मग म्हणाली, "तू खाली जा. मी येते." ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, समोर तोंड करून. उजवा हात भिंतीवरच्या दांडीवर. भाचा खाली दोन्ही हात पसरून उभा.

"बाजूला हो," आत्या म्हणाली. "मी काय रांगतेय?"

तो बाजूला झाला, पण अर्धाच. ती एकेक पायरी उतरली. सावकाश, पण सरळ. भाचेसून ओट्याजवळून बघत होती आणि तिने दूध उतू जाऊ दिलं. आत्या जमिनीवर पोचली, हातभर पुढे आलेल्या दांडीच्या टोकाला पोचली आणि तिने हात सोडला.

गंमत बघा. इतक्या खटपटीने बसवलेल्या नव्या खांबाला तिचा हात लागलाच नाही. तो पलीकडच्या बाजूला ताठ उभा होता, कुणीतरी टोपीवर हात ठेवील म्हणून वाट पाहत. मला त्याचा हेवा वाटायला हवा होता. मला त्याची दया आली. मग वाटलं, दया तरी कशाची, तो धडधाकट आहे आणि मी कापलेला. पुन्हा गोंधळ.

काम संपल्यावर भाचेसून म्हणाली की जुना खांब जाळायला होईल. काका म्हणाले, "काय?" ती ओरडून पुन्हा म्हणाली. काकांना ऐकू आलं होतं, असा माझा संशय आहे, कारण त्यांनी मला उचलून खांद्यावर टाकलं आणि चालायला लागले. त्यांच्या दुकानात मी आल्याला बारा दिवस झाले. वरचं लाकूड उत्तम आहे, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. काल त्यांनी माझ्या अंगावर पेन्सिलीने तीन रेघा मारल्या. उद्या करवत लागेल. माझं काय होणार आहे ते मला कुणी सांगितलेलं नाही. स्टुलाचे पाय होतील, की कपाटाच्या मुठी, की एखाद्या पोराचा भोवरा? एकाच वेळी तीन घरांत गेलो तर मी नेमका कोण असेन, याचा विचार मी सोडून दिला आहे.

तर मित्रांनो, मी कुठल्याही रूपात तुमच्या घरी आलो तर एवढं करा. माझ्या पायाशी पाणी साठू देऊ नका. वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवा. आणि अधूनमधून मला हलवून बघा. हललो, तर 'हा मेला कुजका' असं म्हणण्याआधी जरा वाका, नीट बघा, आणि मी किती दिवसांपासून हलतोय ते विचारा.